वर न जाता लाउटरब्रुनेन

"मग युंगफ्राउला वर गेला होतात ना?" परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान बारा जणांनी विचारलाय. नाही गेलो. पाच रात्री स्वित्झर्लंडमधल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी, लाउटरब्रुनेन गावात राहिलो, येता-जाता त्याच्याकडे पाहिलं, त्याचं पाणी प्यायलो, पण आगगाडीत बसून वर काही गेलो नाही. हे ऐकल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे "पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहता आलात?" अशा नजरेने बघतो. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी ही लिंक पाठवता येईल.

आम्ही चौघं: मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. सासूबाई मूळच्या साताऱ्याच्या. वय ६९, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं दर दिवाळीनंतर ठरतं आणि पुढे ढकललं जातं. जूनचा तिसरा आठवडा होता.

दिवस पहिला

झुरिकला सकाळी उतरलो, बर्नला गाडी बदलली आणि दुपारी इंटरलाकेन ओस्टला पोचलो. तिथून लाउटरब्रुनेन फक्त वीस मिनिटं. आम्हाला सव्वा तास लागला.

त्याचं कारण असं की ही गाडी वाटेत त्स्वायल्युट्शिनेन नावाच्या स्टेशनवर दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, उरलेले ग्रिंडेलवाल्डला. फलाटावर लिहिलेलं असतं, डब्यावर लिहिलेलं असतं, आतल्या पडद्यावरही येतं. पण चार मोठ्या बॅगा आणि एक सासूबाई बरोबर असताना माणूस जो पहिला दरवाजा उघडतो त्यात शिरतो. लेक म्हणत होती, "आई, इथे दुसरंच नाव आहे गं." तिला मीच गप्प केलं. मग पुढे ल्युट्शेनतालला उतरलो. हे स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक आणि भोवती गवत. अर्ध्या तासाने उलटी गाडी आली.

त्या घोळात एक गोष्ट मात्र बरी झाली. त्स्वायल्युट्शिनेनला पुन्हा गाडीची वाट बघत बसावं लागलं, तेव्हा नवऱ्याला बॅगांपाशी ठेवून आम्ही तिघी नदीपर्यंत जाऊन आलो. त्या गावाच्या नावाचा अर्थच 'दोन ल्युट्शिने'. ग्रिंडेलवाल्डकडून येते ती काळी ल्युट्शिने, लाउटरब्रुनेनकडून येते ती पांढरी. पांढरीचं पाणी खरोखर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं दिसतं. वरच्या हिमनद्या सरकताना खडक दळत जातात, त्या पिठाचा हा रंग. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन्ही प्रवाह नीट निरखले. "म्हणजे माहुलीच की," म्हणाल्या. "कृष्णा आणि वेण्णा." आणि वाकता येत नाही म्हणून नातीला ओंजळभर पाणी आणायला सांगून डोळ्यांना लावलं. पाणी इतकं गार होतं की लेकीची बोटं लाल झाली.

इंटरलाकेन ओस्टला गाडीत चढण्याआधी डब्यावरचं नाव वाचा. मुलं काही सांगत असतील तर ऐका.

लाउटरब्रुनेन स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. फोटोत ही दरी गोजिरवाणी दिसते: हिरवं कुरण, लाकडी घरं, एक धबधबा. प्रत्यक्षात तिची पहिली जाणीव होते ती भिंतींची. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, आपल्या कोकणकड्याची आठवण व्हावी असे, आणि मधे सपाट तळ, ज्यावर गाव, शेतं, नदी, सगळं मांडून ठेवलंय. हिमनदीने कोरलेली दरी तळाशी अशी रुंद होते, हे लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. मुख्य हिमनदीने तळ खोल खणला. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं खणता आलं नाही, म्हणून त्यांच्या दऱ्या वर लटकत राहिल्या, आणि आता त्यांचं पाणी कड्यावरून थेट खाली पडतं. या दरीत असे ७२ धबधबे आहेत असं सांगतात. आम्ही सतरापर्यंत मोजले, मग भांडण झालं की दोन धारांचा एक धरायचा की दोन.

सगळ्यांत प्रसिद्ध श्टाउबबाख, २९७ मीटर. नावाचा अर्थ धुळीचा ओढा. वरून निघालेलं पाणी खाली येईपर्यंत पाणी राहतच नाही, त्याचा भुगा होतो, आणि वारा असला की तो भुगा पडद्यासारखा हलतो. मध्येच एक झोत उलटा वर गेला तेव्हा आई म्हणाल्या, "सडावाघापूरचा भाऊ दिसतोय."

घर भाड्याने घेतलं होतं, लाकडी, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, खालीच राहतात. त्यांनी एक कागद हातात दिला: रात्री दहानंतर शांतता, रविवारी कपडे धुवायचे नाहीत, कचरा फक्त विकत घेतलेल्या ठरावीक पिशव्यांत. आईंना ही शेवटची अट फार पटली. पिशवी महाग आहे म्हटल्यावर पाच दिवसांत आमचा कचरा एकच पिशवी झाला.

रात्री साडेनऊपर्यंत उजेड. पण दरी अरुंद, त्यामुळे सूर्य कड्यामागे फार आधी जातो आणि मग कितीतरी वेळ नुसता उजेड राहतो, ऊन नसलेला. जेवायची वेळ कोणालाच कळेना. मेतकूट भात केला. तूप नव्हतं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे, म्हणून मी पुण्यातच आईंच्या बॅगेतून तुपाची बरणी काढली होती. त्यांनी भात खाल्ला, काही बोलल्या नाहीत, पण तो न बोलण्याचा आवाज मला ऐकू आला.

खिडकी उघडी ठेवून झोपलो. रात्रभर पाण्याचा आवाज.

दिवस दुसरा: पाऊस

खरं तर या दिवशी युंगफ्राउयोखला जायचं ठरलं होतं. ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून नेलेली ही रेल्वे १९१२ साली सुरू झाली. तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या पुढे. म्हणून आधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघायचं असं वाचून ठेवलं होतं. स्टेशनवरच्या पडद्यावर ते चित्र दिसतं. बघितलं. पांढरा पडदा. काहीच नाही, नुसतं दूध. तरी तिकिटाच्या रांगेत तीस-चाळीस माणसं उभी होती, त्यात दोन गट आपले. त्यांच्या वेळापत्रकात आजच 'माउंट युंगफ्राउ' होतं, तर आज जायलाच हवं. त्यांच्यातल्या एका काकांनी पडद्याकडे बघून "वर गेल्यावर मोकळं होईल" असं मला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा भेटले तेव्हा मी काही विचारलं नाही.

आम्ही छत्र्या घेऊन श्टाउबबाखकडे गेलो. उन्हाळ्यात या धबधब्याच्या मागे जाता येतं, फुकट. पण वाट चढाची आहे, शेवटी कातळातल्या पायऱ्या. आई खाली थांबल्या. खाली गावाची दफनभूमी आहे, आणि इतकी सुंदर फुलवलेली दफनभूमी मी दुसरी पाहिली नाही. प्रत्येक थडग्यावर वेगळी बाग. वर जाऊन पाहिलं तर पाण्याच्या मागून दरी पुसट दिसते, पाऊस कुठला आणि धबधबा कुठला ते कळत नाही. मजा आली, पण खरी गंमत खालीच झाली होती. आम्ही परत आलो तर आई बाकावर बसून एका बाईकडे टक लावून बघत होत्या. ती बाई भर पावसात झारीने थडग्यावरच्या झाडांना पाणी घालत होती. "पाऊस पडतोय तरी घालतीये," आई हळूच म्हणाल्या, आणि जरा थांबून, "नवरा असेल."

तिथून दरीच्या तळातून पायी ट्रुमेलबाख, तीनेक किलोमीटर. सपाट रस्ता, एका बाजूला नदी. आई हळूहळू पण न थांबता चालल्या. बस आहे, पिवळी, पोस्टाची, अगदी वेळेवर. पण या रस्त्याने चालायलाच हवं.

ट्रुमेलबाख हा धबधबा दिसत नाही. तो डोंगराच्या आत आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही डोंगरांच्या हिमनद्यांचं पाणी या एका भेगेतून खाली येतं, दहा टप्प्यांत. आधी कातळातून तिरकी जाणारी लिफ्ट वर नेते, आणि मग बोगदे, पायऱ्या, कठडे. सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत पाणी जातं असं तिथे लिहिलंय. आकडा वाचून काही कळत नाही. कळतं ते कठड्याला हात लावल्यावर. कठडा थरथरतो. बोललेलं ऐकू येत नाही. पाण्याने खडक असा फिरवून-फिरवून कापलाय की कुठे रांजणासारखा, कुठे शंखासारखा गोल झालाय, आणि त्या गोलातून पाणी वळसा घेऊन अंधारात उडी मारतं. लेक जोरात ओरडून काहीतरी सांगत होती. तोंड उघडतंय, मिटतंय, आवाज शून्य. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली, "मी फक्त ओरडून बघत होते."

आईंनी पायऱ्या उतरताना जावळीकडच्या पावसाळ्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या लहानपणी ओढ्याला पूर आला की दगड गडगडत यायचे आणि रात्री घरात झोपल्याजागी त्यांचा आवाज यायचा. इथेही तेच: हे पाणी वर्षाला हजारो टन दगडगोटे खाली आणतं. बाहेर पडताना त्या प्रवाहाजवळ उभं राहिलं की पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक ठोकल्यासारखा आवाज येतो. त्यांनी सांगितलं नसतं तर मला तो ऐकूच आला नसता.

इथे रेनकोट आणि पकड असलेले बूट हवेतच, जूनमध्येही आत थंडी वाजते. वरपर्यंत लिफ्टने जाऊन पायऱ्यांनी उतरलं तर गुडघ्यांना त्रास होतो. आम्ही आईंना वरचे टप्पे दाखवून लिफ्टनेच खाली आणलं आणि खालचे टप्पे आम्ही तिघांनी पाहिले. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत.

परतताना पाऊस थांबला, ढग अर्ध्या कड्यावर अडकलेले, आणि अचानक वरून कापड टरकावल्यासारखा आवाज आला. मान वर करेपर्यंत एक माणूस कड्यावरून पडत होता. मग छत्री उघडली. या कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारायला जगभरातून लोक येतात, आणि इथे ते कायदेशीर आहे. उतरतात ते शेतकऱ्यांच्या गवतात, म्हणून त्यांनी एक कार्ड विकत घ्यायचं असतं, त्याचे पैसे शेतकऱ्यांना जातात. आईंना ते उडी मारणं बघवेना. पण शेतकऱ्यांना नुकसानभरपाई मिळते हे कळल्यावर म्हणाल्या, "मग ठीक आहे."

दिवस तिसरा: ऊन

सकाळी पडदा बाजूला केला तर दरीच्या टोकाला बर्फाचे डोंगर. काल ते तिथे नव्हतेच. घरात लगबग सुरू झाली: आज आकाश मोकळं आहे, वर जायचं का? चौघांचा हिशेब केला, सवलत धरूनही रक्कम ऐकून नवरा चहा ढवळत राहिला. शेवटी आईंनी निकाल दिला. "वर जाऊन काय, बर्फात उभं राहायचं आणि खाली यायचं. त्यापेक्षा मला कुठेतरी चालायला न्या. सपाट." एवढ्या उंचीवर त्यांच्या रक्तदाबाचं काय होईल ही धाकधूक मला होतीच, त्यामुळे मी लगेच मान डोलावली.

तर मेन्लिखेन. आधी दातेरी रुळावरच्या रेल्वेने वेंगेन, जिथे मोटारी नाहीत. ही रेल्वे १८९३ पासून आहे. वेंगेनहून केबल कारने पाच-सहा मिनिटांत मेन्लिखेन, साधारण २२३० मीटर. आणि तिथून क्लायने शायडेगपर्यंत साडेचार किलोमीटरची पायवाट, जी जवळजवळ सगळी हलक्या उताराची आहे. पाटीवर दीड तास लिहिलंय. आम्हाला तीन तास लागले, आणि त्यातला एकही मिनिट मी परत देणार नाही.

कारण समोर तिन्ही डोंगर. आयगर, म्योंख, युंगफ्राउ. म्योंख म्हणजे संन्यासी, युंगफ्राउ म्हणजे कुमारिका, आणि आयगरला लोक राक्षस म्हणतात. "म्हणजे पोरगी आणि राक्षस यांच्या मधे बैरागी बसलाय," आईंनी लेकीला सांगितलं, आणि पुढे अर्धा तास त्यावर रचलेली एक गोष्ट चालली, ज्यात शेवटी राक्षसाला मुंज करून माणसात आणलं. आयगरची उत्तर भिंत चालताना सतत समोर असते, काळी, अठराशे मीटर उंच. १९३८ च्या जुलैमध्ये चौघांनी ती पहिल्यांदा सर केली. त्याआधी तिने कित्येकांचा बळी घेतला होता. मी कठड्याशिवाय कुठे उभी राहू शकत नाही, त्यामुळे मला त्या चौघांचं कौतुकही नीट करता येत नाही.

वाटेत कुठेकुठे बर्फाचे पट्टे उरलेले, आणि त्यांच्या अगदी कडेला, वितळून ओल्या झालेल्या तपकिरी गवतात, बोटभर उंचीची जांभळी फुलं. झालर लावलेल्या टोपीसारखी, खाली वाकलेली. सोल्डानेला. दोन वितीवर बर्फ आणि ही फुललेली. पुढे उन्हातल्या उतारावर गडद निळी जेन्शियन, पिवळी गोंड्यासारखी फुलं, आणि गाईंच्या घंटा. घंटांचा आवाज फार लांबून येतो, गाई दिसायच्या आधी. एका वळणावर कुणीतरी जोरात शीळ घातली. वळून बघितलं तर मार्मोट, घुशीपेक्षा मोठा, मागच्या पायांवर उभा. आम्हाला बघून पुन्हा शीळ घातली आणि बिळात.

समोरून येणारा प्रत्येक जण "ग्रुएसेख" म्हणतो. आपण पुस्तकात वाचून गेलेलं "ग्रुएत्सी" झुरिककडचं, बर्नकडे हे. आईंनी ते दुसऱ्याच माणसाला बरोबर परत केलं आणि मग सगळ्यांना आपणहून म्हणायला लागल्या. एका आजोबांनी थांबून त्यांच्या काठीकडे, मग गुडघ्याकडे बोट दाखवलं, मग आपल्या गुडघ्याकडे. दोघांनी दोन भाषांत गुडघ्यांबद्दल दोन मिनिटं चर्चा केली. मी मधे पडले नाही.

क्लायने शायडेगला जेवलो: एल्प्लरमाग्रोनेन. मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर खरपूस कांदा आणि बाजूला सफरचंदाचा शिजवलेला गर. गवळी लोकांचं जेवण. आईंनी तो गर चटणी समजून आधी संपवला आणि आणखी मागितला. शाकाहारी असाल तर "ओहने श्पेक" म्हणा, नाहीतर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. बाहेरच्या टेबलांवर पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे टपून असतात. नवऱ्याच्या पावाचा तुकडा बशीतून गेला.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेन आणि म्युरेनपर्यंतचा प्रवास त्यात येतो, त्यापुढे सवलत मिळते. ही वाट जूनच्या सुरुवातीला बर्फामुळे बंद असू शकते, निघण्याआधी चौकशी करा. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. थंड हवेत ऊन लागतंय हे कळत नाही, रात्री माझं नाक सोलून निघालं.

दिवस चौथा

म्युरेन आणि गिमेलवाल्ड. केबल कारने ग्रुट्शाल्प, तिथून कड्याच्या माथ्यावरून जाणारी छोटी रेल्वे, मग म्युरेन. गाव देखणं आहे, मोटारी नाहीत, पण दुकानं आणि फोटो काढणारे जास्त, त्यात आम्हीही. तिथून डांबरी वाटेने उतरत अर्ध्या-पाऊण तासात गिमेलवाल्ड. हे मला जास्त आवडलं. उतारावर इतकं तिरकं गवत की यंत्र चालत नाही, म्हणून माणसं लांब दांड्याच्या विळ्याने कापत होती, बायका दाताळ्याने ओढून ढीग करत होत्या. ओल्या गवताचा वास सगळ्या गावात. आणि एक दुकान, ज्यात दुकानदारच नाही. वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. लेकीने एक छोटी लाकडी गाय घेतली, पैसे टाकले, मग बाहेर येऊन पुन्हा आत गेली. मी विचारलं तर म्हणाली, "पन्नास रापेन कमी टाकले होते."

खाली श्टेखेलबर्गला केबल कारने. आईंचे गुडघे या दिवशी संपावर गेले. उतार त्यांना चालत नाही, हे मला तिसऱ्या दिवसाच्या यशात विसरायला झालं होतं. चूक माझीच.

दिवस पाचवा: वर थोडंसं

आईंनी विश्रांती जाहीर केली, नवऱ्याने त्यांच्यासाठी थांबण्याची तयारी उत्साहाने दाखवली. म्हणून लेक आणि मी दोघीच ओबरश्टाइनबर्गला निघालो.

श्टेखेलबर्गला रस्ता संपतो. त्यापुढे दरी आहे, पण फक्त चालणाऱ्यांसाठी. साडेआठशे मीटरचा चढ, आम्हाला तीन तासांवर लागले. पांढरे-लाल पट्टे रंगवलेली वाट, म्हणजे डोंगरवाट, नुसता पिवळा चौकोन असतो ती साधी. पाट्यांवरचा वेळ थांबे न धरता दिलेला असतो, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं होतंच. आधी देवदाराच्या जातीचं जंगल, ओलं, शेवाळलेलं. मग झाडं विरळ होतात आणि अचानक समोर श्माद्रीबाखचा धबधबा उलगडतो, बर्फाच्या तोंडापासून खालपर्यंत. खालच्या गर्दीपासून इथे दोन तासांवर आम्हाला सहा माणसं भेटली.

ओबरश्टाइनबर्ग म्हणजे १७७८ मीटरवरचं एक जुनं लाकडी हॉटेल, ज्यात वीज नाही. रात्री मेणबत्त्या. आम्ही तिथे राहिलो नाही आणि त्याची मला अजून हळहळ आहे. राहायचं असेल तर बुकिंग आधी करा, आणि रोख पैसे बरोबर असू द्या. सूप, पाव, चीज घेऊन बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या हिमनदीवरून मधूनच गडगडाट येत होता. लेकीला वाटलं वीज. आकाश निळं. मग तिला दिसलं: दूर कड्यावरून पांढऱ्या धुळीचा एक लोट खाली येत होता, अगदी सावकाश, आणि आवाज मागाहून. बर्फाचा कडा तुटला होता. इतका लांब की तो लहानसा वाटला.

"काल आजी विचारत होती, एवढं पाणी येतं कुठून," लेक म्हणाली. "हे तिला दाखवायला पाहिजे होतं." तिने व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला. व्हिडिओत काहीच दिसत नाही, फक्त तिचा श्वास ऐकू येतो.

दुपारी ढग जमायच्या आत उतरायला लागा. डोंगरात वादळी पाऊस बहुधा दुपारनंतरच येतो. इथल्या हवाई बचाव सेवेचा नंबर १४१४, फोनमध्ये आधीच ठेवा.

घरी पोचलो तर जिन्यात तुपाचा वास.

आईंनी नवऱ्याला पाठवून स्टेशनाजवळच्या दुकानातून लोण्याच्या चार वड्या आणवल्या होत्या, एक किलो. विड्याचं पान नव्हतं म्हणून चिमूटभर मिठावर भागवलं, आणि विजेच्या शेगडीवर, जिचा भरवसा त्यांना शेवटपर्यंत वाटला नाही, मंद आचेवर कढवत बसल्या. वास खाली गेला आणि घरमालकीणबाई वर आल्या. नवऱ्याला वाटलं, झालं, कागदावर एखादा नियम राहिला वाचायचा. तो फोनवर भाषांतराचं ॲप उघडून माफी टाइप करायला लागला. पण बाई थेट शेगडीपाशी गेल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आंके!" बर्नकडे लोण्याला आंके म्हणतात. मग ॲपमधून जे आलं ते असं: त्यांची आजी उन्हाळ्यात लोणी असंच कढवून मातीच्या भांड्यात भरून ठेवायची, वर्षभर स्वयंपाकाला. आता बरणीत तयार मिळतं, कोणी घरी करत नाही. या वासाला किती वर्षं झाली, असं काहीतरी.

आईंनी त्यांना खुर्ची दिली. खाली बसलेली बेरी खरवडून, साखर घालून वाटीत दिली. बाईंनी चमचाभर खाल्ली, मग वाटी पुसून खाल्ली, खाली गेल्या आणि रुबार्बच्या मुरांब्याची एक बाटली घेऊन आल्या. रुबार्ब म्हणजे काय हे आम्हाला कळेना. बाईंनी बागेत नेऊन दाखवलं: अळूसारखी पानं, लाल देठ. आंबट. पानं खायची नाहीत, विषारी असतात, हे त्यांनी गळा धरून अभिनयाने सांगितलं.

रात्री मेतकूट भात, वर तूप. रवाळ उतरलं होतं.

निघताना

गावात जागोजागी लाकडी किंवा दगडी हौद आहेत, नळ सतत वाहता. "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी नसेल तर ते पाणी पिण्याचं असतं. बाटलीबंद पाणी विकत घेणं म्हणजे तिथे शुद्ध वेडेपणा. आईंनी निघायच्या सकाळी घराजवळच्या हौदावर आपली लिटरभराची स्टीलची बाटली धुऊन भरली आणि घट्ट बंद करून हातातल्या पिशवीत ठेवली. मला वाटलं प्रवासासाठी. त्स्वायल्युट्शिनेनला त्यांनी पुन्हा दोन्ही नद्या पाहिल्या, या वेळी गाडीतून. डबा बरोबर होता.

झुरिकला सुरक्षा तपासणीत बाटली अडली. तेव्हा कळलं, ते पाणी देवघरात ठेवायचं होतं. वर तीन डोंगरांवर बर्फ, खाली संगम, असं पाणी फेकायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. तिथला तरुण अधिकारी समजूतदार होता, बाजूला उभं राहून प्यायचं असेल तर पिऊ शकता म्हणाला. आई बाजूला झाल्या. पदर डोक्यावर घेतला, नातीच्या तळहातावर थोडं पाणी घातलं, माझ्या, मुलाच्या, आणि उरलेलं सगळं, पाऊण लिटर तरी असेल, उभ्याने सावकाश पिऊन टाकलं. मागे रांग थांबली होती.

विमानात बसून पट्टा लावल्यावर मला सुचलं की बाटली मोठ्या बॅगेत ठेवली असती तर आली असती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.